तुमच्यातलाच एक

कॅप्टनबाईंनी ते वाक्य काढून टाकलं तेव्हा तिच्या तोंडात पिना होत्या, त्यामुळे तिला लगेच काही बोलता आलं नाही. डोक्यावरचा रुमाल आज नीट बसत नव्हता. आरशाच्या कोपऱ्यात कॅप्टनबाईंचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि तो अर्धा चेहरा म्हणत होता, "एवढं एकच आहे, ताई. तुम्ही म्हणता ना, 'तुमच्यातलाच एक होता', ते आजपासून नको. त्याऐवजी म्हणा, 'कोण होता ते ओळखता आलं नाही.' बाकी सगळं तसंच." जाता जाता खोलीतला दिवा मालवावा इतक्या सहज त्या हे बोलल्या. तिनं पिना हातात काढल्या. "का?" "वाक्य वाईट नाही हो. पण ते आलं की पोरं अंग आवळून बसतात. मग पुढचं काही ऐकतच नाहीत. शिकवायचं राहूनच जातं." हे पटण्यासारखं होतं. पटण्यासारखं होतं म्हणूनच तिला ते आवडलं नाही. कॅप्टनबाई एरवी इतकं पटण्यासारखं बोलत नसत. त्यांना काही हवं असलं की सरळ सांगत, कारणं देत बसत नसत. आज कारण आधीपासून तयार होतं, इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्यासारखं, आणि त्याची घडी दुसऱ्याच कुणीतरी घातली होती असं तिला वाटून गेलं.

शहर संपतं तिथं हे प्रशिक्षण केंद्र होतं. परदेशी शांतिसेनेवर जाणारे अधिकारी इथं काही आठवडे येत. नकाशे, सुरुंग, प्रथमोपचार, आणि दुपारच्या जेवणानंतर, डोळे आपोआप मिटायच्या वेळेला, जेंडरचा तास. वेळापत्रकावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण अधिकारी त्याला बायकांचा तास म्हणत. तो कॅप्टनबाई घेत, आणि त्याच्या शेवटी ती येत असे. हॉलच्या एका टोकाला लाकडी फाटक उभं केलेलं, वाळूच्या पिशव्या, ताडपत्रीचा आडोसा. कुठल्याशा लढाईनं पोळलेल्या गावातली एक बाई छावणीच्या फाटकाशी येते आणि आपल्यावर काय गुदरलं ते सांगते. समोरच्या अधिकाऱ्यानं ते कसं ऐकायचं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, हे शिकायचं. ती बाई म्हणजे ती. केंद्रातले पहारेकरी तिला फिर्यादी म्हणत. "आली का फिर्यादी?" असं हसत विचारत आणि आत सोडत. तिला त्याचं काही वाटत नसे. उमेदीची सगळी वर्षं तिनं नाटकात काढली होती, राण्या केल्या होत्या, मोलकरणी केल्या होत्या. मग वय झालं, कामं आटली, आणि हे आलं. इथं टाळ्या नव्हत्या, पण रडायला जागा होती आणि आठवड्यातून दोनदा काम होतं. आणि ते एक वाक्य होतं. बाई बराच वेळ आडवळणानं बोलते, अधिकारी माना हलवतो, धीर देतो, आणि मग तो विचारतो की कोण होता, तेव्हा ती त्याच्या गणवेशाकडे बघून म्हणते, "तुमच्यातलाच एक होता." त्या क्षणी समोरच्याच्या चेहऱ्यावर जे होई ते बघायलाच ती या कामाला येत होती, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं नाकारलं नसतं.

नाटकातही एकदा असं झालं होतं. तिच्या तोंडी एक वाक्य होतं, कुठल्याशा ठेकेदाराबद्दल, हसू यावं असं. दौऱ्यावर एका गावात मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या दिग्दर्शकांनी, ते आयत्या वेळी गाळायला सांगितलं. प्रवेश लांबतोय, म्हणाले. तिनं गाळलं. पडदा उघडला तर पहिल्या रांगेत एक जाडजूड माणूस बायकोमुलांसकट बसलेला, आणि नाटक संपल्यावर त्यानंच सगळ्यांना जेवू घातलं, तेव्हा कळलं की तो गावातला मोठा ठेकेदार. ती तेव्हा पोटभर जेवली होती. पण तेव्हापासून एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली: वाक्य गाळायला सांगतात तेव्हा ते लागणारा माणूस आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून त्या दुपारी फाटकाशी उभं राहिल्यावर तिनं आधी खुर्च्यांकडे बघितलं. कोण आहे तो? गोल चेहऱ्याचा, सारखा घाम पुसणारा? की तो चष्मेवाला, जो तिच्याशी बोलतानाही हातातल्या कागदाकडेच बघे? की मागच्या रांगेतला, बायकांचा तास म्हटलं की ज्याला खोकल्याची उबळ येई तो? एकेका चेहऱ्यावर ती संशय ठेवून बघत होती, टोपी घालून बघावी तसा, आणि तो सगळ्यांच्याच डोक्यावर बसत होता.

शेवटी नजर थांबली ती उंचावर. हे नाव तिनंच मनातल्या मनात ठेवलेलं. हुद्द्यानं तो मेजर होता. या गटात आधी एकदा जाऊन आलेला तो एकटाच. आणि सगळ्यात हुशारही तोच. इतरांना उकिडवं बसायला सांगितलं की गुडघे वाजत, तोल जाई, कुणीतरी हसे. उंच येई, शिरस्त्राण काढून बाजूला ठेवी, तिच्यापासून हातभर नाही, दोन हातांवर, थोडा तिरका बसे. तिच्या वाटेत येणार नाही असा. आवाज तिच्यापेक्षा एक पट्टी खाली. ती थांबली की तोही थांबे. कॅप्टनबाई इतरांना म्हणत, "यांच्याकडे बघा." तीही बघे. चांगलं काम बघायला तिला आवडतं. पण आज बघताना तिला कळलं की आपल्याला काय खटकत होतं. त्याच्या त्या बसण्यात पहिल्यांदाचं असं काहीच नव्हतं. कितीही जातीचा नट असला तरी पहिल्या तालमीला हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नाही. याला कळत होतं. घाबरलेल्या बाईपासून किती लांब बसलं की ती पळत नाही, हे याला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. कुठं शिकला? मागच्या वेळी तिकडे चांगलं काम केलं असेल म्हणून शिकला असेल. असेलही. आणि नसेलही. "कोण होता?" त्यानं हळू विचारलं. "कोण होता ते ओळखता आलं नाही," ती म्हणाली. आणि हॉलमध्ये काहीतरी सैल झालं. जेवण झाल्यावर माणसं पट्टा एका भोकानं सोडतात तसं. उंचाचे खांदे किंचित खाली आले, असं तिला दिसलं. का सगळ्यांचेच आले? का तिलाच तसं बघायचं होतं? तिला रडू आलं नाही. डोळ्यांवर रुमाल दाबून तिनं वेळ निभावली, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, याचाही तिला राग आला.

कपडे बदलताना तिनं कॅप्टनबाईंना पुन्हा छेडलं. "कुणाला लागलं ते वाक्य?" कॅप्टनबाई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर मैदानात मुलं (त्या सगळ्यांना मुलंच म्हणत) धावत होती. "मला पूल बांधायचे होते, ताई," त्या एकदम म्हणाल्या. "माहितीये? शिकले तेच. लोखंडी पूल, एका रात्रीत उभा करायचा. इथं आले तर संचालकसाहेब म्हणाले, बाई आहात, बायकांचा विषय तुम्हीच घ्या. मी म्हटलं, पूलपण बाईच बांधेल की. हसले. छान हसतात ते." मग वळून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात निरीक्षक येतायत. ज्यांच्या पैशावर हा तास चालतो ते. त्यांना सगळं सुरळीत दिसलं तर तास चालू राहील. नाहीतर त्या वेळेत आग विझवायचं शिकवणार आहेत. ठरलंय तसं. मग तुमचं वाक्यही नाही आणि तुम्हीही नाही." यात धमकी नव्हती. दमलेल्या माणसाचा आवाज होता. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, आणि ते नाही हे दोघींनाही कळलं.

घरी दादा होता. तिचा थोरला भाऊ, निवृत्त हवालदार. वहिनी गेल्यापासून दोघं एकत्रच राहत. दादा जुन्या काळी असाच शांतिसेनेवर जाऊन आला होता, पाण्याचा टँकर चालवायला. तिकडचा एकच फोटो घरात होता: टँकरसमोर दादा, भोवती पोरांचा घोळका, सगळे दात काढून हसतायत. लहानपणापासून पाहिलेल्या भिंतीसारखा तो फोटो तिला दिसतच नसे. आज ताटं वाढताना दिसला. कडेला एक बाई होती, अर्धी. चौकटीनं कापलेली. ती हसत नव्हती. "दादा," जेवताना ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा असलं काही शिकवलं होतं का रे? मी करते तसलं?" "आम्हाला डास आणि पाणी शिकवलं," दादा म्हणाला. "पाणी उकळून प्या, मच्छरदाणीत झोपा, की झालात तयार." "आणि बायकांचं?" "बायकांचं काय?" त्यानं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. तिला वाटलं, विषय संपला. आणि त्याच क्षणी तिच्या मनात ते आलं, जे कधीही यायला नको होतं: दादासुद्धा? तापात रात्र रात्र उशाशी बसणारा, तिच्या पहिल्या नाटकाला बूट चमकवून येणारा दादा? संशय असा असतो. एकदा दार किलकिलं केलं की तो घरच्या माणसालाही ओळख दाखवत नाही.

"होता आमच्यात एक," दादा म्हणाला. पाण्याचा पेला त्यानं उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "संध्याकाळ झाली की कुंपणाच्या बाजूला जायचा. खिशात साखरेच्या पुड्या असायच्या." तिनं हातातला घास ताटात ठेवला. "बघितलं असं कुणीच नाही," तो म्हणाला. "पण तो निघाला की सगळ्यांना कामं आठवायची. कुणी बूट पुसायला घ्यायचा, कुणी पत्ते पिसायचा." "आणि तू?" "मी टँकरखाली शिरायचो." "काय झालं होतं टँकरला?" दादानं तिच्याकडे बघितलं. म्हातारा झाला होता तो. हे असं एकेका वाक्यात लक्षात येतं. "काहीच नाही," तो म्हणाला. मग ताट उचलून मोरीकडे गेला. तिथून, पाठमोराच, नळाच्या आवाजात म्हणाला, "तुझ्यासारखं कुणी फाटकाशी येऊन बोललं असतं तर काय केलं असतं, देव जाणे. कुणी आलंच नाही बघ." तिला म्हणावंसं वाटलं, आली असेल, तू टँकरखाली होतास. पण तिनं ते म्हटलं नाही. ती भाऊ गमवायला तयार नव्हती. आणि आपण तयार नाही हे कळल्यावर तिला पहिल्यांदाच कॅप्टनबाईंचा, संचालकांचा, त्या हॉलमधल्या सगळ्यांचा चेहरा आतून कळल्यासारखा झाला. सगळ्यांचंच कुणीतरी असतं.

निरीक्षक आले त्या दिवशी हॉलमध्ये नवे पडदे होते आणि टेबलांवर पाण्याच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. दोन पुरुष, एक बाई. तिघंही मन लावून कंटाळलेले. संचालक त्यांच्या शेजारी, कॅप्टनबाई भिंतीला टेकून. फाटकावर अर्थातच उंच. ती आली, बोलली, थबकली, सगळं तालमीसारखं. तो बसला, तिरका, दोन हातांवर. "कोण होता?" त्यानं विचारलं. आपण काय म्हणणार आहोत हे तिनं ठरवलेलं नव्हतं, हे ती पुढं स्वतःला शपथेवर सांगू शकली असती. तिनं त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यातलाच एक होता." हॉल आवळला. कुणाच्या तरी हातातलं बाटलीचं झाकण घरंगळत गेलं. भिंतीशी कॅप्टनबाईंनी डोळे मिटून घेतले. तिनं उंचाच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आता काहीतरी होईल. आता मुखवटा सुटेल. पण त्यानं एक श्वास घेतला आणि त्याच खालच्या पट्टीत म्हणाला, "तुम्ही हे मला सांगितलंत, याला हिंमत लागते. तो आमच्यातला आहे म्हणून याची चौकशी मी करणार नाही, माझे साहेबही करणार नाहीत. बाहेरची माणसं करतील. तोवर आमच्यातलं कुणी तुमच्या घराकडे फिरकणार नाही, ती जबाबदारी माझी. तुम्हाला चालत असेल तर मी इथून उठतो आणि बाई अधिकाऱ्यांना बोलावतो." आणि तो उठला, मागं झाला. निरीक्षकांतल्या बाईनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. संचालक झुकून म्हणत होते, "आम्ही हे मुद्दाम ठेवलंय. आमची लपवाछपवी नसते." कॅप्टनबाईंशी हस्तांदोलन झालं. हे वाक्य इतर केंद्रांनीही घ्यावं, असं कुणीतरी म्हणालं.

ती फाटकाशी तशीच उभी होती. तिनं दगड मारला होता, आणि त्यांनी तो उचलून पायरीत बसवला होता. आता प्रत्येक गटाला ती हे वाक्य ऐकवणार, आणि प्रत्येक गट त्याचं उत्तर पाठ करणार. गोल चेहऱ्याचा करील, चष्मेवाला करील, मागच्या रांगेतला खोकत खोकत करील. पुढं कुठल्यातरी खऱ्या फाटकाशी एखादी बाई जिवाचा धडा करून हे बोलेल, तेव्हा समोर उत्तर तयार असेल. आपण इतकी वर्षं काय शिकवत होतो? ऐकायला शिकवत होतो, की ऐकल्यासारखं दिसायला?

मंडळी चहाला गेली. हॉल रिकामा झाला. ती रुमाल सोडत होती तर उंच परत आला. शिरस्त्राण विसरला होता. ते उचलून तो घुटमळला. "ताई, एक विचारू?" आवाज साधा होता, शिकाऊ पोराचा. "तुम्ही ते म्हणालात तेव्हा मी तुमच्याकडेच बघत राहिलो. ते बरोबर होतं का? की खाली बघायला हवं होतं?" तिच्या तोंडून उत्तर निघणारच होतं. आयुष्यभराची खोड, कुणी नजरेबद्दल विचारलं की सांगायचं. पण ती म्हणाली, "खरंच घडलं असतं तर कुठं बघितलं असतंत?" त्यानं खरोखर विचार केला. हुशार विद्यार्थी होता तो, प्रश्नाला चुकवून जाणारा नव्हता. "दाराकडे," तो म्हणाला. "का?" "आणखी कुणी ऐकलंय का, ते बघायला." आणि तो हसला, छान हसला, "म्हणजे, माणूस बघतोच ना," आणि शिरस्त्राण काखेत मारून निघून गेला.

रुमाल हातात घेऊनच ती कॅप्टनबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "तो उंच मेजर. त्याला पाठवू नका." कॅप्टनबाईंच्या चेहऱ्यावर अजून कौतुकाची लाली होती. ती उतरताना दिसली. त्यांनी उठून दार लावलं. "त्याच्या आधीच्या तुकडीवर तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "तिकडच्या एका मुलीची. तिला नाव माहीत नाही. एवढंच म्हणते, तुमच्यातलाच एक. साहेबांना कळलं, आणि साहेब म्हणाले, ते वाक्य आपल्या हॉलमध्ये नको. तुकडीत माणसं पुष्कळ होती, ताई. तोच असेल असं नाही." "नसेलही," ती म्हणाली. "तुम्हाला काय माहीत आहे?" कॅप्टनबाईंनी विचारलं. "चौकशीवाले शहरात आहेत. सांगाल त्यांना? नावानिशी?" आणि मग कॅप्टनबाईंनी आपली खुर्ची टेबलामागून काढली आणि तिच्यासमोर नाही, जराशी तिरकी ठेवली. पुढं झुकून म्हणाल्या, "आधी मला सांगा. घाई नाही. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच."

हे वाक्य तिनं किती माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, त्याला गणती नव्हती. आज पहिल्यांदा त्याच्यापुढं तिला पाठ असलेलं काही नव्हतं. फाटकावरच्या बाईला या जागी हुंदका येत असे. तिला टाचेला खाज आली. करार या महिन्यात संपतो, हे आठवलं. चौकशीत कुणी विचारलं, तुमच्या घरात कोण कोण आहे, तुमचा भाऊही जाऊन आला ना, तर? त्यानं दाराकडे म्हटलं, की खिडकीकडे? की नुसतंच बाहेर? समोर कॅप्टनबाई टक लावून बघत होत्या, आणि त्या काय बघतायत हे तिला पुरेपूर ठाऊक होतं: हिच्यावर विश्वास ठेवावा का. ती आपल्या बाईला नेहमी असं वठवत आली होती की कुणालाही विश्वास ठेवावासा वाटावा. आवाजात थोडं पाणी, हात पदराशी, राग अजिबात नाही. आता आवाज कोरडा निघाला, चिरका, भलताच भरभर. तिनं सगळं उलटसुलट सांगितलं. बसण्याची पद्धत आधी, मग खांदे, मग दार, मग पुन्हा बसण्याची पद्धत. ऐकताना स्वतःलाच वाटत होतं, ही बाई कुचकट आहे, हिचं काहीतरी वैर असणार.

ती थांबली. कॅप्टनबाई हळूच म्हणाल्या, "तुमची खात्री आहे?"

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून ज्याच्यावर लाल फुली मारतात, तो हा प्रश्न. कॅप्टनबाई स्वतःच मारत. त्यांचा हात तोंडाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्या एकदम तरुण दिसायला लागल्या, पूल बांधायला निघालेल्या मुलीइतक्या.

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही. तरी सांगणार. माझ्या नावानं. लावा त्यांना फोन."

कॅप्टनबाईंनी फोन ओढला. नंबर लावताना त्यांचं बोट एकदा चुकलं, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.